मांजरपाटावरची पाच बेटं

"मशीन बंद करा! बेटावर फोन लागलाय!"

टाचणीने हुकूम सोडला आणि काय आश्चर्य, दुकानातली दोन्ही मशीनं खरंच थांबली. आईने पायडलवरचा पाय उचलला. आत्याने काज करता करता सुई अर्ध्यातच धरली. मास्टरकाकांनी तर कापडात शिरलेली कात्री तशीच उघडी ठेवली. ती मिटल्याचा आवाज थेट समुद्रापलीकडे जाईल असं त्यांना वाटलं असावं.

"हॅलो! नमस्कार! हो, ऐकू येतंय, तुम्हाला येतंय का? चार माणसं आहोत. दोन खोल्या. खिडकीतून समुद्र दिसायला हवा. दिसतो? सगळ्याच खिडक्यांतून? अहो, मग प्रश्नच मिटला!"

फोन ठेवून तिने वहीत ठसठशीत बरोबरची खूण केली आणि दरबारात घोषणा करावी तशी म्हणाली, "तिसरं बेट पक्कं. आता मशीनं चालू करायला हरकत नाही."

"उपकार झाले," आई म्हणाली आणि तिने पायडल दाबलं.

टाचणी हे नाव मास्टरकाकांनी ठेवलेलं. लहानपणी ती बारीक होती, सरळसोट होती आणि हरवली की हमखास कुणाच्या तरी पायाखालीच सापडायची. आता ती सोळा वर्षांची झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. सुटला होता तो आवाज. वर्षभरापूर्वी हीच मुलगी दुकानातला फोन वाजला की ट्रायल रूमच्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. पडद्याखालून आपले पाय सगळ्यांना दिसतात, हे तिच्या लक्षात यायलाच कितीतरी वर्षं गेली. मग शाळेच्या कार्यक्रमात जी मुलगी निवेदन करायची तिचा ऐन वेळी घसा बसला, बाईंनी समोर दिसेल तिच्या हातात माईक कोंबला, आणि समोर नेमकी टाचणी होती. पहिलं वाक्य तिने डोळे मिटून म्हटलं. दुसऱ्या वाक्याला स्वतःचा आवाज ऐकला. तिसऱ्या वाक्यापर्यंत तिला तो आवडायला लागला होता. तेव्हापासून घरात बाकी कुणाला बोलायला फारशी जागा उरली नव्हती.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. खाली आईचं राज्य. शाळांचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, कोटाची फाटलेली अस्तरं, लग्नाआधी अचानक घट्ट झालेले ब्लाउज, सगळं तिथे यायचं आणि सरळ होऊन जायचं. कापायचं काम मास्टरकाकांचं. काजं-बटणं आणि हातशिलाई आत्याची, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीची. बाबा शहरभर बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायचे आणि संध्याकाळी दुकानात येऊन जिना चढायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत बसून त्या जिन्याकडे नाराजीने बघायचे.

गणवेशांचा हंगाम आटपला की दुकान दहा दिवस मास्टरकाकांच्या हवाली करून ही सगळी मंडळी मोठ्या मामांकडे जायची. दर वर्षी. मामा प्रेमळ होते, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या घरी एकच खोली रिकामी होती, तीत चौघांनी ओळीने झोपायचं, आणि सकाळच्या चहाबरोबर मामांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट ऐकायची. खड्यांची संख्या दर वर्षी वाढत होती. ऑपरेशन एकदाच झालं होतं.

यंदा टाचणीने जेवताना बॉम्ब टाकला. वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक तिने ताटाशेजारी उघडून ठेवलं. निळ्या समुद्रात पाच काळी-हिरवी बेटं, धनुष्यासारखी वाकलेली. एका बेटाच्या डोक्यातून धूर निघत होता.

"आपण इथे जायचं," ती म्हणाली. "पाचही बेटं. एकावरून दुसऱ्यावर, बोटीने. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली आहेत."

"डोंगर पेटलाय," बाबा चित्राकडे बोट दाखवत म्हणाले, "आणि आपण तिकडे सुट्टीला?"

"पेटला नाहीये, बाबा. धुमसतोय."

"तुझी आईही धुमसते कधीकधी. मी तेव्हा जवळ जात नाही."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा वरणात मान घालून बसले.

मग आई पुस्तकाकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. तिच्या गळ्यात जेवतानासुद्धा मेजरटेप असायची, ती पानावर लोंबत होती. शेवटी ती म्हणाली, "सगळा बेत तू आखायचा. बोटी, खोल्या, जेवणखाण, कुणाला काय झेपतं ते. शनिवारी दुपारी दुकान बंद केल्यावर मी ट्रायल घेणार. कपड्याची घेते तशी, उलटा-सुलटा करून. एक टाका चुकला, तर मामाकडे."

"आणि नाही चुकला तर?"

"तर बघू तुझा धूर."

टाचणीला त्या रात्री झोप आली नाही असं लिहायला हवं, पण ती मस्त घोरत झोपली. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी खाली उतरली.

बेटांची खरी नावं इतकी लांबलचक होती की शेवटची अक्षरं येईपर्यंत पहिली विसरायला व्हायची. म्हणून तिने दुकानातलीच नावं दिली. एक बेट अर्धगोल आणि कडेने दुमडल्यासारखं, ते कॉलर. एक लांबुळकं, ते बाही. मधलं चौकोनी आणि एका बाजूने समुद्र आत घुसलेला, तो खिसा. एक इवलंसं गोल, त्यात दोन तळी, ते बटण. आणि धूर सोडणारं, अर्थातच, इस्त्री. नावं दुकानाला इतकी पटली की दोन दिवसांत आलेल्या गिऱ्हाइकासमोर आत्या म्हणाली, "इस्त्रीवर गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे," आणि ते बिचारं आपला शर्ट उचलून घाईघाईने निघून गेलं.

नकाशा मोठा हवा होता, सगळ्यांना दिसेल असा. कागद फाटतो. मग मास्टरकाकांनी तिला मांजरपाटाचा एक हातभर तुकडा दिला. महागाचं कापड कापायच्या आधी नमुना शिवून बघायला दुकानात मांजरपाट लागायचाच. टाचणीने पुस्तकावर पातळ कागद ठेवून बेटं गिरवली, मग चौकटी आखून त्यांना मोठं केलं, रेघांवरून खडू दाबून फिरवला आणि मग तो कागद मांजरपाटावर पालथा घालून तळव्याने धपाधप थापटला. दुकानात असंच करायचे. एका बाहीवर खडूने खुणा केल्या की दुसरी बाही तिच्यावर ठेवून थापटायची, खुणा छापून निघतात, दोन्ही बाह्या जुळतात. टाचणी चालायला लागायच्या आधीपासून हा धपधप आवाज ऐकत आली होती.

"बाजू बघितलीस का?" आईने मशीनवरूनच विचारलं. हे तिचं रोजचं पालुपद होतं. काही शिवा, काही कापा, वर्तमानपत्र उलगडा, आई विचारणार, बाजू बघितलीस का?

"बघितली गं," टाचणी म्हणाली. तिने काहीही बघितलं नव्हतं. जगात कुणीच ह्या प्रश्नाचं दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

खडूच्या रेघांवर तिने निळ्या दोऱ्याने टाके घातले, बेटांवर नावं लिहिली, आणि नकाशा भिंतीवर टांगला. मग बोटीचं वेळापत्रक. ते एकाच पानाचं होतं आणि त्यात बेटांची नावंच नव्हती, नुसते थांबे: एक ते पाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मोठं जहाज सोमवारी पहिल्या थांब्यावर सोडतं. तिथून छोटी बोट एक दिवसाआड पुढच्या थांब्याला. बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार. पाचव्या थांब्यावरून मोठं जहाज परत आणतं. बोट उलटी येत नाही. टाचणीने नकाशाकडे बघितलं. डावीकडे पश्चिम, डावीकडे कॉलर. थांबा एक, कॉलर. मग बाही, खिसा, बटण आणि शेवटच्या संध्याकाळी इस्त्री! अंधार पडताना डोंगराच्या तोंडाशी लाल उजेड, आणि दुसऱ्या दिवशी घरी. असा शेवट एखाद्याला मुद्दाम जमवायचा म्हटला तरी जमला नसता.

आता माणसं बसवायची. हे बेटांपेक्षा अवघड निघालं.

"मी आयुष्यभर लोकांना वर पोचवलंय," बाबा म्हणाले. "सुट्टीत मी एक पायरीही चढणार नाही."

"अर्ध्या डोंगरापर्यंत गाडी जाते, बाबा."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो तुम्ही खालून बघायचा."

"हां, मग ठीक."

आत्याचं दुखणं वेगळं. "मला बादलीतलं पाणी हललं तरी गरगरतं. मी येणार नाही. मी मास्टरांबरोबर दुकान बघेन."

"आत्या, तिथे दगड पाण्यावर तरंगतात. खरंच! ज्वालामुखीचे. आतून सगळे पोकळ, भोकंभोकं."

आत्याने सुई थांबवली. "दगड तरंगतो?"

"तरंगतो."

"मग मी का बुडेन?" आत्या म्हणाली आणि कामाला लागली. तासाभराने मात्र हळूच विचारलं, "सगळ्यात लांबचा पल्ला किती?"

"चार तास. कॉलर ते बाही. पण एकदाच."

"सुरुवातीलाच?"

"सुरुवातीलाच. मग सुटलीस."

आत्याने सुस्कारा सोडला आणि बटण जरा जास्तच घट्ट टाकलं. मास्टरकाकांना यायचं नव्हतं, पण तो दगड त्यांना हवा होता. चाळीस वर्षं कात्री धरून त्यांच्या अंगठ्यावर घट्टा पडला होता, तो घासायला. "दोन आण," ते म्हणाले. "एक तरंगवून बघायला."

आई काही मागतच नव्हती. टाचणीने तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा आई दात लावून दोरा तोडत म्हणाली, "कुठेतरी नुसतं बसायला मिळू दे. हातात काही न घेता. तासभर."

टाचणीने वहीत लिहिलं: आई, हात रिकामे, एक तास. आणि कॉलरच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यासमोरचीच खोली शोधून काढली.

इथे त्या दुकानातल्या गादीबद्दल सांगायलाच हवं. इस्त्रीच्या टेबलावर एक जाड, रंगीबेरंगी गादी होती. ती चुकांची होती. दुकानात कापड चुकीचं कापलं गेलं की ज्याने कापलं त्याने त्यातला तुकडा स्वतःच्या हाताने पत्र्याच्या डब्यात टाकायचा, दुसऱ्या कुणी दाखवायच्या आधी. दाखवल्यावर टाकला, तर आई दिवसभर बोलायची नाही. आधी टाकला, तर ती एवढंच म्हणायची, "बरं. नवीन कापड काढ." वर्ष संपलं की डब्यातले तुकडे जोडून गादीला नवा थर चढायचा. आईचे त्यात सात तुकडे होते. मास्टरकाकांचे अकरा, ते आठ म्हणायचे. आत्याचे चार. टाचणीचा एकही नव्हता, कारण तिच्या हातात अजून कुणी खरं कापड दिलंच नव्हतं. ती उसवायची, टाचायची, दोरे गोळा करायची.

शनिवार उजाडला. ट्रायलला दोन तास उरले तेव्हा आई आणि आत्या जेवायला वर गेल्या होत्या. टाचणीने उगाच खात्री म्हणून इस्त्री बेटावरच्या खोल्यावाल्याला फोन लावला. तिकडे वारा इतका होता की माणूस वादळातून बोलतोय असं वाटत होतं.

"मंगळवारी येतोय आम्ही," टाचणी ओरडली. "आठवण आहे ना?"

"मंगळवारी?" तो ओरडला. "मंगळवारी कशा याल? आमच्याकडे बोट सोमवारी!"

"नाही हो, सोमवारी ती पहिल्या थांब्याला असते!"

"मग मी काय म्हणतोय?"

फोन कटला. म्हातारा गोंधळलाय, टाचणीने ठरवलं. धुराने झालं असेल.

मग ती भाषणाचा सराव करायला नकाशा घेऊन ट्रायल रूममध्ये शिरली. वाचनालयाचं पुस्तक तिने स्टुलावर उघडं ठेवलं, मांजरपाट छातीशी धरला आणि आरशासमोर उभी राहिली. "आदरणीय आई," तिने सुरुवात केली, "आणि चढ न चढणारे बाबा..." आणि थांबली.

आरशातली बेटं तिच्याकडे बघत होती. धूर सोडणारी इस्त्री डावीकडे. कॉलर उजवीकडे. तिने खाली पुस्तकात बघितलं. इस्त्री डावीकडे. कॉलर उजवीकडे. तिने कापड छातीपासून काढून स्वतःकडे वळवलं.

कॉलर डावीकडे.

तिने कागद पालथा घातला होता. दुसरी बाही थापटून काढतात तसा! डाव्या बाहीची उजवी बाही झाली होती, आणि सगळा द्वीपसमूह आरशात बघितल्यासारखा उलटा. म्हातारा गोंधळलेला नव्हता. इस्त्री पहिली होती. सोमवारी ते इस्त्रीवर उतरणार होते आणि त्यांची खोली कॉलरवर वाट बघणार होती, समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाला. पाच बेटांपैकी एकटा खिसा तेवढा जागच्या जागी होता, मधला म्हणून.

टाचणी पडद्याआड बसली. वर्षभराने! पाय खालून दिसत असतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पहिला विचार आला तो असा: गप्प बसावं. आईला कुठे माहीत आहे कुठलं बेट कुठे ते? भिंतीवरचा नकाशा छान दिसतोय. ट्रायल पास होईल. मग उद्या शांतपणे फोन करून सगळं फिरवून घेऊ, सांगू की वेळापत्रक बदललं. कोण विचारणार? हा विचार इतका सोपा होता की टाचणीने तो दोनदा करून बघितला.

पण मग तिला मामांची खोली आठवली, आणि वरणात मान घातलेले बाबा, आणि दोरा तोडत "नुसतं बसायला मिळू दे" म्हणणारी आई. आईला तो किनारा नीट मिळायला हवा होता, खोट्या शिवणीवर टांगलेला नको. ती उठली. पडदा सरकवला आणि म्हणाली, "मास्टरकाका, फोनपाशी कुणाला येऊ देऊ नका. मला उसवायचंय."

मास्टरकाकांनी तिच्या हातातलं कापड बघितलं, मग पडद्यामागचा आरसा बघितला. चाळीस वर्षं त्यांची कापडात गेली होती. त्यांनी स्टूल उचलून फोनसमोर ठेवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

इस्त्रीवाल्याने "म्हणत होतो ना सोमवार!" असं तीनदा ऐकवून मंगळवारचा सोमवार करून दिला. कॉलरवाल्या बाई प्रेमळ निघाल्या, मंगळवारी किनाऱ्यासमोरचीच खोली देते म्हणाल्या. बाहीवाल्याने आधी कुरकुर केली, मग टाचणीने त्याला अख्खी कहाणी ऐकवली, बाहीसकट, तेव्हा तो इतका हसला की बुधवारचा रविवार केला आणि बाहीवरच्याही एका गरम झऱ्यावर फुकट नेतो म्हणाला. बटणावर मात्र फोन वाजत राहिला. वाजत राहिला. कुणी उचललाच नाही.

दुपार झाली. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. आई, बाबा, आत्या कापायच्या टेबलाभोवती बसले. आईने बोटांच्या टोकांवरचा खडू पुसला, चष्मा चढवला. टाचणीने नकाशा टेबलावर पसरला.

तयार केलेलं भाषण तिच्या डोक्यातून कापरासारखं उडून गेलं होतं.

"आई, तू बघायच्या आधी सांगते," ती म्हणाली. "नकाशा उलटा आहे. मी कागद पालथा थापटला. डावं उजवं झालं. बोट इस्त्रीपासून निघते, कॉलरपासून नाही. चार बेटांवरच्या खोल्या चुकीच्या दिवशी घेतल्या होत्या. तीन बेटांवरच्या आत्ता फिरवल्या. बटण राहिलंय, तिकडे कुणी फोन उचलत नाही."

दाराशी मास्टरकाका खाकरले.

बाबांना आधी कळलं. "म्हणजे धूर पहिल्याच दिवशी? उतरल्या उतरल्या डोंगर?"

"हो."

"सुटकेससकट?"

"सुटकेस खोलीत ठेवायची, बाबा!"

"आणि माझे चार तास?" आत्याने घाबरत विचारलं.

"ते आता शेवटाकडे गेले, आत्या. रविवारी बाहीवर उतरायचं आणि मंगळवारी तिथून कॉलर. तोपर्यंत तीन छोट्या बोटी झालेल्या असतील. तुला सवय झालेली असेल."

आत्याने बोटांवर बोटी मोजल्या. "हे आधीच्यापेक्षा बरं आहे की," ती म्हणाली, जरा रागानेच. "आधी का नाही सुचलं?"

"माझा शेवट मात्र गेला," टाचणी म्हणाली. तिचा आवाज थोडा पडला. "लाल उजेड शेवटच्या संध्याकाळी दिसायचा होता."

आईने मांजरपाट दोन हातांत उचलला आणि कोटाचं अस्तर बघावं तसा उलटा केला. मागच्या बाजूला निळ्या दोऱ्याच्या गाठी होत्या, आणि बेटं बरोबर होती. इस्त्री, बटण, खिसा, बाही, कॉलर. तिने बोटाने एकेक चाचपली.

आणि फोन वाजला.

"मशीन बंद!" टाचणी किंचाळली. एकही मशीन चालू नव्हतं.

बटणावरच्या आजीबाई होत्या. कोंबड्यांना दाणे घालायला गेल्या होत्या, सात वेळा फोन केलेला दिसतो, काय एवढं? टाचणीने सांगितलं. आजीबाई म्हणाल्या बुधवारी एकच खोली आहे, दुसरीत पक्षी मोजणारी माणसं उतरणार आहेत. पण नावेची शेड आहे, कोरडी आहे, खाट आहे.

टाचणीने फोनवर हात ठेवला. "एक खोली आणि एक शेड. शेडमध्ये कोण झोपणार?"

"शेड तळमजल्यावर आहे ना?" बाबांनी विचारलं.

"शेड आहे, बाबा. तिला मजलाच नाही."

"मग माझं नाव लिही!"

फोन ठेवला. वहीत पाचवी खूण झाली. आता सगळे आईकडे बघत होते, आणि टाचणी तर श्वास धरून.

"काय ठरलं होतं?" आई म्हणाली.

"एक टाका चुकला तर मामाकडे."

"कितवा चुकला?"

"पहिलाच."

"मला कुणी दाखवला?"

"मीच."

"कधी?"

"तू बघायच्या आधी."

आईने नकाशा टेबलावर ठेवला, सुलटी बाजू खाली. "मग डबा कुठाय?"

टाचणीला क्षणभर काही समजलंच नाही. मास्टरकाकांना समजलं. त्यांनी इस्त्रीच्या टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला, आणि स्वतःची मोठी कात्री, जिला ते कुणाला हात लावू देत नसत, मुठीकडून तिच्यापुढे धरली. टाचणीने कापडाच्या कोपऱ्यातला समुद्र कापला. चार बोटं रुंद, खडूचा एक ठिपका असलेला. तो डब्यात पडला तेव्हा काही आवाज झाला नाही, मांजरपाट हलका असतो. पण आत्याने उगाच टाळ्या वाजवल्या.

"माझे आठ, हिचा एक," मास्टरकाका म्हणाले.

"अकरा," बाकी तिघं एकदम म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. "नवीन कापड काढ. आणि आधी..."

"बाजू बघते!" टाचणी ओरडली, आणि आईच्या गळ्यात पडली, मेजरटेपसकट.

मामांना फोन करायचं कामही तिच्याचकडे आलं. तिने मन घट्ट करून सांगितलं की यंदा आम्ही येत नाही, वाईट वाटून घेऊ नका. पलीकडून मामांचा आवाज आला, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा: "खरंच येत नाही? अगं, मग आम्हालाही कुठेतरी जाता येईल! हिला केव्हापासून जायचंय!" आणि मग फोनपासून लांब, मोठ्याने, "ऐकलंस का? नाही येत ते!"

टाचणीने दुसरा मांजरपाट पसरला. कागद ठेवला, उचलला, पुस्तकाशी ताडून बघितला, पुन्हा ठेवला. थापटण्याआधी तिने सहज आईकडे बघितलं. आईने मेजरटेप गळ्यातून काढून खिळ्याला अडकवली होती आणि खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, तळवे वर.

"काय गं?" टाचणीने विचारलं.

"सराव करतेय," आई म्हणाली. "तासभर बसायचं म्हणजे जमायला हवं."

मिनिटभर जमलं. मग ती वाकून जमिनीवरचे निळे दोरे वेचायला लागली.